गोधडीच्या ठिगळकामासाठी इस्त्री कोणती घ्यावी: साधी जड की वाफेची?

चौकटवेडी (गिरगाव)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी घरच्या घरी गोधड्या शिवते आहे. आजीच्या पद्धतीने जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्यावर हाताने धावदोरा घालणे मला जमते. परंतु अलीकडे मशीनवर लहान लहान चौकोन जोडून नेमक्या मापाची नक्षी बसवण्याचा नाद लागला आणि तेथे मी अडले आहे. अडीच इंचाचे नऊ चौकोन पाव इंचाची माया (शिवणीबाहेर राहणारी कापडाची कड) धरून जोडले, म्हणजे तयार तुकडा साडेसहा इंचाचा भरायला हवा. माझा एक तुकडा सव्वासहा भरतो, दुसरा साडेसहाहून दोन दोरे मोठा होतो, आणि तिसऱ्याच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर येतात. मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून माया पुन्हा पुन्हा तपासली, ती ठीक आहे. कापतानाही पट्टी आणि धारदार कात्री वापरते. त्यामुळे आता संशय इस्त्रीवर आला आहे.

सध्याची इस्त्री सहा-सात वर्षांपूर्वीची, वजनाला हलकी आणि वाफेची आहे. तळाचा काळा लेप दोन ठिकाणी खरवडला गेला आहे, आणि मधूनच ती पांढऱ्या कापडावर तपकिरी थेंब टाकते. आमचे घर चाळीतले, दोन खोल्यांचे. इस्त्रीचा बोर्ड उघडून ठेवण्याइतकी जागा नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर चादरीच्या चार घड्या घालून काम करते. त्या खोलीत मोठा प्लग नाही, सगळे लहानच आहेत.

नवी इस्त्री घेण्यासाठी अडीच ते तीन हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदार जास्त वॅटची, जास्त वाफ सोडणारी इस्त्री घ्या असे सांगतात. ठिगळकाम हे माझे मुख्य काम, आणि जोडीला घरातल्यांचे ब्लाऊज व कुर्ते. या दोन्हींसाठी एकच इस्त्री पुरेल का, आणि ती निवडताना नेमके काय पाहावे?

धावदोरा (विलेपार्ले)

आपला संशय निम्मा बरोबर आहे. इस्त्रीचा दोष असेलच, परंतु तिच्याइतकाच दोष ती फिरवण्याच्या पद्धतीत असण्याची शक्यता आहे, आणि ती पद्धत बदलली नाही तर तीन हजारांची नवी इस्त्रीही पापडच भाजून देईल.

आपण कपड्यांना इस्त्री करतो ती सरकवत, रेटत. शर्टाची सुरकुती जायला तेच हवे असते. ‘इस्त्री’ हा शब्द ‘ताणणे’ या अर्थाच्या पोर्तुगीज क्रियापदावरून आपल्याकडे आला असे सांगितले जाते, आणि ठिगळकामात नेमके हेच, म्हणजे ताणणे, करायचे नसते. अडीच इंचाच्या चौकोनात उभा आणि आडवा धागा सरळ असेल तर तो थोडेफार सहन करतो. परंतु चौकोन तिरका कापून त्रिकोण केले, म्हणजे त्यांची लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, होते, आणि उरेब कापड ओढू तेवढे वाढते. त्यात वाफ दिली की सुती धागे सैल पडतात. त्या सैल अवस्थेत इस्त्री पुढे रेटली की कड लांबते, सुकल्यावर तशीच राहते, आणि मधला भाग मात्र मूळ मापाचा असल्यामुळे कडेला लाटा येतात. आपण पापड म्हणता तो हाच.

माझी पद्धत सांगते. शिवण घातली की तुकडा उघडायच्या आधीच, दोन्ही कापडे एकमेकांवर असताना, शिवणीवर इस्त्री चार-पाच सेकंद नुसती टेकवायची. त्यामुळे दोरा कापडात बसतो. मग तुकडा सरळ बाजूने उघडायचा, नखाने किंवा लाकडी पट्टीने शिवण पूर्ण मोडून घ्यायची आणि वरून पुन्हा टेकवायची. पुढच्या जागी जाताना इस्त्री उचलायची, सरकवायची नाही. माया गडद कापडाच्या बाजूला पाडायची, म्हणजे फिक्या कापडातून ती दिसत नाही. आणि शेजारच्या ओळीत उलट दिशेला पाडायची, म्हणजे जोडताना दोन्ही माया एकमेकींत अडकून कोपरे आपोआप जुळतात.

शिवण पूर्ण उघडली नाही तर केवढे नुकसान होते ते मोजून पाहा. आपल्या नऊ चौकोनांच्या दहा तुकड्यांची एक ओळ केली तर तिच्या लांबीत तीस चौकोन आणि 29 शिवणी येतात. प्रत्येक शिवणीपाशी 1 मिलिमीटरची चोरघडी राहिली, तर ओळ सुमारे 3 सेंटिमीटरने आखूड पडते. सव्वासहा भरणाऱ्या तुकड्याचे कारण बहुधा हेच असावे. दोन दोरे मोठा झालेला तुकडा मात्र रेटल्याचा परिणाम आहे.

आता इस्त्रीविषयी. मी साधी, वाफ नसलेली, जड इस्त्री वापरते आणि ठिगळकामापुरते मी तिचेच नाव घेईन. वजन असले म्हणजे हाताने दाबावे लागत नाही आणि न दाबल्यामुळे ताणही पडत नाही. तळ अखंड, भोके नसलेला असावा. वाफेच्या भोकांच्या जागी उष्णता मिळत नाही, आणि मायेचा कोपरा त्या भोकांत अडकून उलटतो तो निराळाच. टोक मात्र निमुळते हवे. ओलावा लागलाच तर फवाऱ्याची बाटली जवळ ठेवावी, म्हणजे पाणी कुठे आणि किती हे आपल्या हातात राहते.

माझ्या मते आपण इस्त्रीआधी बदलायला हवी ती चादर. चार घड्यांची मऊ चादर म्हणजे गादीच. शिवण तिच्यात रुतते आणि वर फुगीर राहते. त्याऐवजी टेबलावर धनगरी घोंगडीचा तुकडा दुहेरी घालून त्यावर धुतलेले मांजरपाट घट्ट ओढून बसवा. लोकर उष्णता खाली निसटू देत नाही, त्यामुळे कापडाला दोन्ही बाजूंनी ऊब मिळते. हल्ली परदेशी बनावटीची लोकरीची चटई याच कामासाठी बरीच किंमत लावून विकली जाते. ज्यांच्या माळ्यावर एखादी जुनी घोंगडी पडून आहे त्यांनी तो खर्च का करावा हे मला समजलेले नाही.

शक्य असेल तर कापड कापण्याआधीच खळ करून घ्या. साबुदाण्याची पातळ खळ पुरते. कापड कागदासारखे कडक झाले की उरेब कडाही वागणूक सुधारतात. मात्र खळीचे कापड पावसाळ्यात साठवून ठेवू नका, त्यावर बुरशी आणि कसर दोन्ही येतात; गोधडी पूर्ण झाली की धुऊन खळ काढून टाका.

तारजोडणी (लोहार चाळ परिसर)

मी शिवत नाही. घरगुती विद्युत उपकरणे दुरुस्त करतो. त्यामुळे शिवणीविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, पण आपण लिहिले आहे की खोलीत लहानच प्लग आहेत, आणि दुकानदाराने जास्त वॅटची इस्त्री सुचवली आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून लिहितो.

आपल्याकडील लहान प्लग 6 अँपिअरचा असतो. 230 व्होल्टवर 1000 वॅटची इस्त्री साधारण साडेचार अँपिअर घेते, ती त्यावर चालते. 2000 वॅटची इस्त्री पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेते. तिला 16 अँपिअरचा मोठा प्लग आणि त्याला शोभेल अशी जाड तार लागते. चाळीतील जुन्या वायरिंगवर, लहान प्लगात बदलपिन (अ‍ॅडॅप्टर) लावून किंवा बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवरून अशी इस्त्री चालवलेली आणि प्लग वितळलेला मी इतक्यांदा पाहिला आहे की आता आश्चर्य वाटत नाही. आपल्या खोलीत अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हेही एकदा तपासून घ्यावे. तीन भोकांचा प्लग दिसला म्हणजे तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. ओल्या कापडाशी संबंध येणाऱ्या उपकरणात ही हयगय परवडत नाही. इस्त्रीवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहूनच घ्या.

जास्त वॅट म्हणजे जास्त गरम, हा समज चुकीचा आहे. तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकली की वीज तोडते आणि निवून सरळ झाली की पुन्हा जोडते. इस्त्रीच्या तापमानाच्या चकतीवर एक टिंब म्हणजे सुमारे 110, दोन टिंबे म्हणजे 150 आणि तीन टिंबे म्हणजे 200 अंश सेल्सिअस, अशी सर्वसाधारण खूण आहे. वॅट जास्त असले तर इस्त्री लवकर तापते आणि वाफ बनवताना निवलेला तळ लवकर भरून काढते, एवढेच. साध्या इस्त्रीत वाफ बनवायची नसल्यामुळे 1000 वॅट पुरेसे होतात, आणि तळ जड असेल तर त्यात साठलेली उष्णता एका टेकवण्यात उतरून जात नाही. ताईंनी वर सुचवलेली इस्त्री त्यामुळे आपल्या प्लगालाही मानवणारी आहे. ती दीड हजारांच्या आत मिळायला हरकत नाही.

आता तपकिरी थेंबांविषयी. ग्राहक बहुतेक वेळा पाण्याला दोष देतात. मुंबई महानगरपालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतून येते आणि ते मृदू असते. त्याने क्षार फार धरत नाहीत. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरत असाल तर गोष्ट वेगळी. आपल्या बाबतीत दोन कारणे संभवतात. काम झाल्यावर पाणी टाकीतच राहू दिले की आतले भाग गंजतात, आणि तोच गंज पुढच्या वेळी थेंबासोबत उतरतो. दुसरे, वाफेच्या खुणेपर्यंत तापायच्या आत वाफ सुरू केली, तर पाण्याची वाफ न होता ते तसेच गळते. इस्त्री गरम असतानाच प्लग काढून, बेताने उलटी करून टाकी रिकामी करावी, उरलेला ओलावा तिच्याच उष्णतेने उडून जातो. बॅटरीचे पाणी, अत्तराचे पाणी किंवा खळ टाकीत कधीही घालू नये.

आणखी एक. काही इस्त्र्या आडव्या ठेवल्यास अर्ध्या मिनिटात आणि उभ्या ठेवल्यास आठेक मिनिटांत आपोआप बंद होतात. सुरक्षेसाठी ही सोय चांगलीच आहे. पण शिवण घालायची, उठायचे, टेकवायचे, पुन्हा बसायचे असे काम करणारी माणसे तिला कंटाळून परत येतात. विकत घेण्याआधी विचारून घ्या.

कटोरी_ब्लाऊज (लालबाग)

मी बावीस वर्षे बायकांचे कपडे शिवते आहे आणि वरील दोन्ही उत्तरे वाचून थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. ठिगळकामापुरते ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु प्रश्नात ब्लाऊज आणि कुर्त्यांचाही उल्लेख आहे, आणि तेथे वाफ नको म्हणणे म्हणजे जेवणात मीठ नको म्हणण्यासारखे आहे. बाहीचा गोल मुंढ्यात (बाही जोडायच्या भोकात) बसवताना जे जादा कापड असते ते चुणी न पडता जिरवायला वाफच लागते. लिनन तर वाफेशिवाय ऐकतच नाही. कापड ताणले जाते म्हणून जी वाफ ठिगळकामात शत्रू, तीच कापड आकाराला वळते म्हणून शिवणकामात मैत्रीण.

वजनाविषयीही सावध करते. जड इस्त्री सरकवायची असेल तर तिचे वजन टेबल घेते. परंतु ताईंच्या पद्धतीने ती प्रत्येक वेळी उचलायची आहे. एका गोधडीत शेकडो शिवणी असतात. मला मनगटाच्या दुखण्याने एकदा दीड महिना काम बंद ठेवावे लागले होते. दुकानात इस्त्री नुसती हातात धरून पाहू नका. वीसदा उचलून, टेकवून पाहा. दुकानदार काय म्हणेल याची पर्वा करू नका. मूठ आपल्या हाताच्या मापाची नसेल तर हलकी इस्त्रीही जड होते. टेबल कोपरापेक्षा थोडे खाली असावे.

बाटलीच्या वाफेच्या इस्त्रीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. कारखान्यांत आणि आमच्यासारख्यांकडे ती असते. पाण्याची बाटली इस्त्रीच्या चार-पाच फूट वर खुंटीला टांगलेली असते, नळीने पाणी उतरते आणि मुठीवरचे बटण दाबले तरच वाफ येते. बटण सोडले की ती पूर्ण कोरडी इस्त्री. एकीत दोन्ही कामे होतात आणि टाकी अंगावर नसल्यामुळे पाण्याचे वजन उचलावे लागत नाही. मात्र ती आपल्या रकमेत बसणे कठीण, खुंटी कायमची ठोकावी लागते, आणि जेवणाच्या टेबलावर रोज बाटली टांगण्याची हौस किती दिवस टिकेल हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी तुम्हाला ती सुचवणार नाही.

पेस्टिंग, म्हणजे कापडाला ताठपणा देणारे डिंकाचे अस्तर, लावताना मात्र साधी इस्त्रीच बरी. पेस्टिंगची चकचकीत, डिंकाची बाजू कापडाच्या उलट बाजूवर ठेवून, वर दमट सुती रुमाल घालून एकेका जागी दहा ते पंधरा सेकंद टेकवायचे आणि निवेपर्यंत हलवायचे नाही. घाईने सरकवले की डिंक तळाला लागतो. तो लागलाच तर गरम तळ जाड सुती कापडावर मीठ पसरून त्यावर घासावा. हा उपाय फक्त लेप नसलेल्या धातूच्या तळासाठी आहे, लेपाच्या तळाला मिठाने ओरखडे पडतात. तुमचा लेप आधीच खरवडला आहे, तेव्हा ती इस्त्री आता रेशमावर मुळीच नेऊ नका, धागा ओढला जाईल.

तुमच्या रकमेत माझा सल्ला असा: साधी जड इस्त्री नवी घ्या. आहे ती वाफेची इस्त्री स्वच्छ करून, पाणी रोज रिकामे करत, ब्लाऊज-कुर्त्यांसाठी कापड मध्ये घालून वापरा. उरलेल्या पैशांत मंगळदास मार्केटात चांगले सुती कापड येते.

चौकटवेडी (गिरगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री एक प्रयोग केला. एकाच कापडाचे दोन उरेब त्रिकोण कापून एकावर वाफ देत इस्त्री सरकवली, दुसऱ्यावर वाफ बंद करून नुसती टेकवली. मूळ मापाशी ताडून पाहिले तर पहिल्याची लांब बाजू 4 मिलिमीटरने वाढली होती, दुसऱ्याची तेवढीच राहिली. त्यामुळे पद्धतीचा मुद्दा पटला आहे. प्लगचेही तपासून घेतले. अर्थिंग नव्हते, ते या आठवड्यात करून घेते आहे.

घोंगडी मात्र काळी आहे. तिचा रंग किंवा केस फिक्या कापडाला लागतील का? आणि दुसरे, माझ्या ठिगळांत जुन्या साड्या, खणाचे तुकडे, कुठेतरी टेरिकॉट असे सगळे मिसळलेले असते. एकाच तुकड्यात सूत आणि पॉलिएस्टर शेजारी आले तर इस्त्री कितीवर ठेवावी?

धावदोरा (विलेपार्ले)

घोंगडी आधी थंड पाण्यात भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. वर मांजरपाटाचा एक थर केसांना अडवत नाही, दोन थर घाला. घोंगडी ओली असताना तिच्यावर इस्त्री टेकवू नका. वास तर येतोच, शिवाय लोकर आटून तिला फुगे येतात आणि सपाटपणा जातो.

मिश्र कापडांत नियम एकच, सर्वांत नाजूक कापड जे सोसेल तेवढेच तापमान. कापड ओळखू येत नसेल तर कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवावा: सुताला कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि काळा कडक मणी उरतो. पॉलिएस्टर शेजारी असेल तर दोन टिंबांच्या वर जाऊ नका, आणि वर सुती रुमाल ठेवा, नाहीतर त्यावर चकाकी येते व ती परत जात नाही. सूत दोन टिंबांवर नीट बसत नसेल तर फवाऱ्याने रुमाल किंचित दमट करून जास्त वेळ टेकवावे, आणि इस्त्री उचलल्याबरोबर त्या जागी पॉलिश नसलेल्या सागाचा सपाट ठोकळा दाबून ठेवावा. लाकूड ओलावा ओढून घेते आणि घडी निवताना पक्की बसते. खणाच्या तुकड्यांचा रंग आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर इस्त्री टेकवून तपासा. मी एकदा तो तपासला नव्हता आणि लाल खणाशेजारचे सगळे पांढरे चौकोन गुलाबी झाले.

जरीचे काठ जोडणार असाल तर उलट बाजूने, एका टिंबावर, कापड मध्ये घालून. प्लॅस्टिकची जर त्याहून जास्त सोसत नाही. आणि आत पॉलिएस्टरचे भरण घालणार असाल, तर सगळी इस्त्री तिन्ही थर एकत्र करण्याआधी उरकून घ्या. भरलेल्या गोधडीवर गरम इस्त्री फिरवली की भरण त्या जागी कायमचे चपटे होते.

चौकटवेडी (गिरगाव)

लक्षात ठेवते. शनिवारी दुकानात जाऊन वीसदा उचलून पाहणार आहे.